खिडकीची जागा : उत्तर कोणत्या हाताला?

भोकरहून कृष्णा एक्सप्रेसने हैदराबादकडे निघालेल्या माणसाला खिडकी कशासाठी हवी, हे शिकवावं लागत नाही. बासरच्या आसपास गोदावरीचा पूल येणार, गाडीचा आवाज बदलणार, डब्यातल्या बाया हात जोडणार आणि कुणीतरी गजांतून नाणं सोडणार, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून पूल मागे पडेपर्यंत तो जागा सोडत नाही. हाच माणूस लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला निघाला, की मात्र फोनवर सांगतो, "सीट कोणतं बी चालतंय, बसायला भेटलं म्हणजे झालं." मग दहा-बारा तास मधल्या रांगेत समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसतो. तेवढ्यात खाली ग्रीनलँड येतं आणि निघून जातं.

मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. उत्तर ध्रुवाकडचा बर्फ मुलांना फळ्यावर खडूनेच दाखवला. निवृत्तीनंतर मुलीकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळ तीनदा जाणं झालं. पहिल्या वेळी खिडकीची जागा मिळाली, पण खिडकीच नव्हती. दुसऱ्या वेळी खिडकी मिळाली, पण उन्हाच्या अंगाची, त्यामुळे डोळे दिपण्यापलीकडे फारसं काही हाती लागलं नाही. तिसऱ्या वेळी जमलं. भोकर, मुदखेड, हिमायतनगर भागातून आता पुष्कळ आई-वडील असे जाऊ लागले आहेत. त्यांनी माझ्यासारखे दोन प्रवास वाया घालवू नयेत, म्हणून हा लेख.

आधी दोरा, मग तिकीट

घरात किंवा जवळच्या शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक हैदराबादवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशात ही वाट अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक अशी आडवी वाटते. गोलावर मात्र दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. मध्य आशिया आणि रशिया ओलांडून तो नॉर्वेच्या समुद्रात सुमारे ६८ अंश उत्तरेपर्यंत चढतो, आइसलँडच्या डोक्यावरून जातो, ग्रीनलँडचं दक्षिण टोक कापतो आणि कॅनडातून खाली उतरतो. हे अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर. आता तेच टोक सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवा. दोरा पश्चिमेला न जाता हिमालय, सायबेरिया आणि अलास्का असा जातो आणि सत्तर अंशांच्याही वर चढतो. गोल पृथ्वीवर सगळ्यांत जवळची वाट अशीच असते. आर्क्टिक त्या वाटेवरच लागतं, त्याच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

खरी विमानं या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाहीत. वारा रोज बदलतो आणि आकाशालाही सरहद्दी असतात. २०२२ पासून रशियाचं आकाश युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झालं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं आणि आपल्या कंपन्यांना पश्चिमेकडे जाताना वळसा पडू लागला. म्हणून तिकीट काढण्याआधी मुलांना एक काम सांगा. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर यांसारख्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाचं विमान गेल्या आठवड्यात कोणत्या वाटेने गेलं, ते नकाशावर दिसतं. चार-पाच दिवसांच्या रेषा पाहिल्या की अंदाज येतो.

आपल्या भागातल्या प्रवाशांपुढे साधारण तीन वाटा असतात.

पहिली, हैदराबादहून लंडन किंवा फ्रँकफर्ट आणि तिथून अमेरिकेचा पश्चिम किनारा, म्हणजे सिअ‍ॅटल, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस. बर्फ पाहायचा असेल तर ही सगळ्यांत भरवशाची वाट. यातला युरोपनंतरचा टप्पा बहुधा दिवसा असतो आणि ग्रीनलँड, बॅफिन बेट, उत्तर कॅनडा असा जातो.

दुसरी, दुबई किंवा दोहा इथे विमान बदलून पश्चिम किनारा. ही विमानं पुष्कळदा थेट आर्क्टिक महासागरावरून, कधी ध्रुवाच्या अगदी जवळून जातात. याच भागात नॉर्वेचा स्वालबार्ड हा द्वीपसमूह आहे. तिथल्या न्यू-ओलेसुंद या वस्तीत २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे आणि त्याचा कारभार गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. ध्रुवावरची वाट आपल्या वैमानिकांनाही परकी नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर हे एअर इंडियाचं विमान उत्तर ध्रुवावरून आणलं होतं.

तिसरी, युरोपमार्गे न्यूयॉर्क किंवा बोस्टन. ही वाट पुष्कळदा ग्रीनलँडच्या दक्षिणेकडून समुद्रावरूनच जाते. मुलगा न्यू जर्सीत राहत असेल तर बर्फाची आशा थोडी कमी ठेवा, पण उत्तरेची खिडकी सोडू नका.

डावं-उजवं विसरा, दिशा धरा

आपल्याकडे शेतात उभा असलेला माणूस डावं-उजवं फारसं बोलत नाही. बांध उगवतीकडचा की मावळतीकडचा, असं बोलतो. विमानात हीच सवय कामाला येते. प्रश्न एवढाच विचारायचा, की उत्तर कोणत्या हाताला?

युरोपहून अमेरिकेकडे जाताना विमानाचं तोंड पश्चिमेला असतं, म्हणजे उत्तर उजव्या हाताला. सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अंगाला, म्हणजे डाव्या हाताला असतो. बर्फावरचं ऊन आणि वरून येणारं ऊन एकाच वेळी डोळ्यांत गेलं तर काही दिसत नाही. खिडकीवरचा प्रत्येक ओरखडाही चमकायला लागतो. उजव्या अंगाला ऊन आपल्या पाठीमागून समोरच्या डोंगरावर पडतं. दऱ्या, हिमनद्या, निळसर भेगा सगळं स्वच्छ उमटतं.

परत येताना तोंड पूर्वेला, म्हणून उत्तर डाव्या हाताला. मोठ्या विमानांत डावीकडची खिडकी 'ए' आणि उजवीकडची बहुधा 'के' असते. तेव्हा जाताना 'के' आणि येताना 'ए', एवढं पाठ केलं तरी निम्मं काम झालं.

आखाती देशांतून ध्रुवावरून जाणाऱ्या विमानाला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. ते आधी उत्तरेला चढतं आणि मग दक्षिणेला उतरतं. बर्फ दोन्हीकडे सारखाच असतो, बघायचं फक्त ऊन. सकाळी निघणाऱ्या विमानात कॅनडाच्या बाजूला उतरताना ऊन डावीकडे येतं, म्हणून तिथेही उजवी खिडकी बरी.

उन्हाच्या विरुद्ध बाजूला बसल्याचा आणखी एक फायदा आहे. खाली ढग असले तर विमानाची सावली त्यांवर पडते आणि सावलीभोवती रंगांचं गोल कडं दिसतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ज्याला इंद्रवज्र म्हणतात, तेच हे. तिथे ते नशिबाने दिसतं, विमानातून बऱ्याचदा दिसतं.

पंख, इंजिन आणि नसलेली खिडकी

बाजू ठरली, आता रांग. आसनांच्या नकाशात पंख कुठे आहे ते दाखवलेलं असतं. पंखाच्या बरोबर वर बसलात तर खालचा सगळा मुलूख पंखाखाली झाकतो. पंखाच्या लगेच मागे बसलात तर इंजिनातून निघणारी गरम हवा आड येते, आणि मे महिन्यात डांबरी रस्त्यावर जशी हवा थरथरते, तसं समोरचं चित्र थरथरतं. सगळ्यांत चांगली जागा पंखाच्या पुढची. इकॉनॉमीत ती मिळाली नाही तर सरळ शेवटच्या सात-आठ रांगांकडे जा. तिथे शौचालयाची वर्दळ असते, पण नजर मोकळी राहते.

काही रांगांत भिंत असते आणि खिडकी नसते. माझ्या पहिल्या प्रवासात हेच झालं. तिकिटावर खिडकीची जागा लिहिलेली होती, शेजारी मात्र सपाट पांढरा पत्रा. तक्रार केली तर उत्तर मिळालं, की जागा भिंतीकडची आहे, खिडकीचं आश्वासन नाही. तेव्हा विमानाचा प्रकार आणि रांगेचा क्रमांक टाकून आसनांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर आधी खात्री करून घ्या. निवडायची सोय असेल तर बोइंग ७८७ विमानाच्या खिडक्या मोठ्या असतात, सुमारे ४७ सेंटिमीटर उंच. त्यांना ओढायचं झाकण नसतं. बटण दाबलं की काच गडद होते. मात्र सगळ्या काचा एकदम गडद करण्याची सोय कर्मचाऱ्यांच्या हातात असते, हे ध्यानात ठेवा.

जागा निवडण्याचे वेगळे पैसे पडतात. ते नको असतील तर चेक-इन उघडेल त्या घटकेला, म्हणजे साधारण २४ ते ४८ तास आधी, मुलांना जागा धरायला सांगा. एजंटकडून तिकीट काढत असाल तर नुसतं "खिडकी द्या" म्हणू नका. "उजवीकडची, पंखाच्या पुढची किंवा अगदी मागची" असं सांगा.

महिना कोणता

डिसेंबर-जानेवारीत आर्क्टिक वृत्ताच्या वर सूर्य उगवतच नाही किंवा जेमतेम डोकावतो. तेव्हा खाली अंधार. सप्टेंबरात समुद्रावरचा बर्फ वर्षातला सगळ्यांत कमी असतो. मार्चमध्ये तो सगळ्यांत जास्त पसरलेला असतो आणि एप्रिल-मेमध्ये त्याच्यावर भरपूर ऊन असतं. म्हणून बर्फासाठी हे दोन महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र बराच मोकळा होतो, पण ग्रीनलँडच्या बर्फावर वितळलेल्या पाण्याची निळी तळी दिसतात आणि खाड्यांत हिमनग तरंगत असतात.

आपल्याकडचे बरेच आई-वडील उन्हाळा टाळायला एप्रिल-मेमध्ये जातात आणि दिवाळीच्या आधी परत येतात. म्हणजे जायला बर्फाचा महिना आपोआप साधतो. यायला काय साधतं, ते पुढे सांगतो.

काय दिसतं

लंडन किंवा फ्रँकफर्ट सोडल्यावर साधारण तीन ते चार तासांनी ग्रीनलँडचा पूर्व किनारा येतो. समोरच्या पडद्यावरचा नकाशा लावून ठेवा आणि जेवण आटोपून तयार राहा. आधी समुद्रात पांढरे तुकडे दिसतात, मग एकदम टोकदार काळे डोंगर आणि त्यांच्यामधून समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या. आर्क्टिकमधलं सर्वांत उंच शिखर, ३,६९४ मीटरचं गुनबियॉर्न, याच किनाऱ्यावर आहे. त्यानंतर पाऊण ते सव्वा तास निव्वळ पांढरं. त्याला कंटाळू नका. ग्रीनलँड सात महाराष्ट्र मावतील एवढं आहे. त्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग बर्फाखाली आहे आणि काही ठिकाणी त्या बर्फाची जाडी तीन किलोमीटरहून जास्त आहे. शाळेच्या नकाशात ते आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. वर्गात हे वाक्य मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. नकाशातली ती फुगवलेली आकृती खरी किती मोठी आहे, हे मात्र खिडकीतूनच कळलं.

पुढे गोठलेला समुद्र लागतो. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात ना, तसंच चित्र, फक्त रंग उलटे. जमीन पांढरी आणि भेगा काळ्या. त्या काळ्या रेघा म्हणजे बर्फ फाटून उघडं पडलेलं पाणी. त्यानंतर बॅफिन बेटाच्या खाड्या आणि शेवटी उत्तर कॅनडाची हजारो गोठलेली तळी.

अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३७० किलोमीटरवर असतं. भोकरवर उडत असतो तर इकडे हैदराबाद आणि तिकडे नागपूर, दोन्ही त्या क्षितिजाच्या अलीकडेच राहिली असती. त्यामुळे विमान नेमकं एखाद्या डोंगरावरून गेलं नाही तरी बिघडत नाही. ढग आले तर मात्र इलाज नाही. पण ढगही सगळीकडे सारखे नसतात. अर्ध्या तासाने पुन्हा बघा.

एक गंमत वेळेची. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो, साठ अंशांवर तो वेग निम्मा होतो. विमान ताशी नऊशेच्या आसपास पश्चिमेला धावत असतं. म्हणजे पृथ्वी आपल्याला जितकं पूर्वेला नेते, जवळपास तितकंच आपण पश्चिमेला जातो. घड्याळ चालत राहतं आणि ऊन हलत नाही. संध्याकाळचं विमान असेल तर सूर्यास्त तासन् तास टिकतो. सहा महिन्यांचा दिवस आणि दिवसेंदिवस टिकणारी पहाट यांच्या आधारावर लोकमान्य टिळकांनी १९०३ साली 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आर्यांचं मूळ घर तिकडे होतं हा त्यांचा निष्कर्ष आज विद्वान मानत नाहीत. पण ज्या लांबलेल्या उजेडावर त्यांनी पुण्यात बसून एवढा विचार केला, तो खिडकीतून प्रत्यक्ष बघता येतो.

परतीची रात्र

अमेरिकेहून युरोपकडे येणारी विमानं बहुतेक रात्रीची असतात, म्हणून लोक खिडकी सोडून देतात. सप्टेंबर ते मार्च या काळात ती सोडू नका. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण ध्रुवाभोवतीच्या हवेवर आदळले की आकाशात हिरवट पडदे हलतात. त्यांना ध्रुवीय प्रकाश किंवा अरोरा म्हणतात. हे घडतं शंभर किलोमीटर आणि त्याहून वर, त्यामुळे विमान ढगांच्या वर असलं तरी अरोराच्या खूप खालीच असतं. हडसनचा उपसागर आणि दक्षिण ग्रीनलँड या भागात तो वारंवार होतो. मे २०२४ मधल्या मोठ्या सौरवादळात तर लडाखमधल्या हानले इथूनही त्याची लाली टिपली गेली होती. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास त्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे दिवाळीआधी परतणाऱ्याला तो साधू शकतो.

तेव्हा डावी खिडकी घ्या. डोक्यावरून ब्लँकेट काचेपर्यंत ओढा, म्हणजे आतल्या दिव्याचं प्रतिबिंब पडणार नाही. दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. नुसत्या डोळ्यांना तो पुष्कळदा धुरकट पांढरा दिसतो. फोन रात्रीच्या मोडवर काचेला टेकवून धरला की हिरवा रंग उतरतो.

गुडघे, शुगर आणि शेजारी

आता खरी अडचण. ज्याला साखरेचा त्रास आहे, प्रोस्टेटची गोळी चालू आहे किंवा गुडघे आखडतात, त्याला खिडकी म्हणजे कोंडवाडा. प्रत्येक वेळी दोघांना उठवून बाहेर पडायचं आणि संकोचाने पाणी प्यायचं नाही, असं होतं. हे मुळीच करू नका. लांबच्या प्रवासात पाणी आणि हालचाल दोन्ही हवीत, नाहीतर पायात रक्त गोठण्याचा धोका असतो. ज्यांना आधीपासून त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच जागा ठरवावी.

यावर उपाय टप्प्यांचा आहे. हैदराबाद ते युरोप हा टप्पा बहुधा रात्रीचा, तिथे दोघांनी वाटेकडची जागा घ्या आणि झोपा. युरोप ते अमेरिका या दिवसाच्या टप्प्यात नवरा-बायकोने शेजारच्या दोन जागा घ्याव्यात, एक खिडकीची, एक मधली. ग्रीनलँड संपेपर्यंत एकाने बसावं, मग दुसऱ्याने. आमच्याकडे पहिल्या पाळीचा मान बायकोचा असतो. तिने आयुष्यभर बसमध्ये लेकरं मांडीवर घेऊन मधल्या जागेवर प्रवास केला, तेव्हा हा हिशेब चुकता करणं भाग होतं.

दिवसाच्या विमानातही जेवण झालं की कर्मचारी खिडक्या झाकायला सांगतात, कारण बाकीच्यांना झोपायचं असतं. भांडू नका. झाकण चार बोटं उघडं ठेवून त्यावर शाल धरा आणि आत डोकं घाला. शेजाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन पडलं नाही तर कुणी काही म्हणत नाही. ग्रीनलँड आल्यावर मात्र त्या शेजाऱ्यालाही एकदा खुणेने दाखवा. त्यानंतर शौचालयाला जाताना तो हसून उठतो.

फोटोसाठी दोनच गोष्टी. फोन काचेच्या अगदी जवळ धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर असेल तर काढा, नाहीतर खिडकीच्या प्लॅस्टिकमुळे फोटोत इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात. गॉगल आणि शाल वरच्या बॅगेत ठेवू नका, जवळ ठेवा. खिडकीकडची बाजू गार लागते.

निघण्याआधी मुलांना एवढा निरोप पाठवा : विमान बदलायचं ठिकाण पाहा, दुसरा टप्पा दिवसाचा घ्या, जाताना उजवी, येताना डावी, पंखाच्या पुढे किंवा अगदी मागे, रांगेला खिडकी आहे याची खात्री करा. तिकीट काढताना हे पाहायला मुलांना दहा मिनिटंही लागत नाहीत. पण ते मुलांना आपणहून सुचत नाही, त्यांना आपली पाठ आणि आपले गुडघे दिसत असतात. बर्फ बघायची हौस आपली आहे, तेव्हा तोंड आपणच उघडलं पाहिजे.